बिल्ड टाकताना दुसरा सर्व्हर धावून का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका एचएप्रॉक्सीमागे (आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर) दोन टॉमकॅट (जावातली वेब अ‍ॅप चालवणारे सर्व्हर) आहेत. नवा बिल्ड, म्हणजे अ‍ॅपची नवी आवृत्ती, आला की आधी पहिल्याच्या वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये वॉर फाइल (पूर्ण अ‍ॅपची एक गठडी) टाकायची, तो वर आला की दुसऱ्याच्या. कॉन्फिगमध्ये सर्व्हरच्या ओळीत ‘चेक’ लिहिलेले आहे, लॉगिन टिकावे म्हणून कुकीही लावली आहे. तरी दर वेळी अर्धा-पाऊण मिनिट काही लोकांना ४०४ (पान सापडत नाही) दिसते, आत असलेले लॉगआउट होतात आणि कधी रिस्टार्ट मारावा लागला तर ५०२-५०३ (मागचा सर्व्हर नीट उत्तर देत नाही) येतात. ‘एक पडला की दुसरा सांभाळतो ना? मग फेलओव्हर होत का नाही?’

कारण तुमचा सर्व्हर पडतच नाही.

वॉर बदलल्याचे टॉमकॅटला कळते ते त्याच्या मागच्या कामांच्या फेरीत. मूळ सेटिंगनुसार ही फेरी दर १० सेकंदांनी होते. कळले की तो जुने अ‍ॅप उतरवतो, उलगडलेले फोल्डर पुसतो, नवी फाइल उलगडतो आणि सुरू करतो. स्प्रिंग, हायबरनेट अशा जावा लायब्ररींचा पसारा असेल तर शेवटच्या पायरीलाच वीस-तीस सेकंद सहज जातात. या सगळ्या वेळात टॉमकॅटची प्रोसेस जिवंत असते, ८०८० पोर्ट उघडे असते, आणि कोणी काही मागितले तर तो तत्परतेने ४०४ देतो. शटर वर आहे, दिवे चालू आहेत, फक्त गल्ल्यावर माणूस नाही. एचएप्रॉक्सी रस्त्यावरून शटर बघून जातो, कारण नुसत्या ‘चेक’चा अर्थ टीसीपी कनेक्शन जुळते का, एवढाच. ते जुळते. मग तो अर्धी गर्दी तिकडेच पाठवत राहतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

यावर ‘ऑप्शन एचटीटीपीचेक’ (नुसते कनेक्शन न बघता एचटीटीपीने एक पत्ता मागून तपासणे) घाला असे कोणीही सांगेल. घालाच, पण घातल्यावर हुश्श म्हणू नका. पत्ता दिला नाही तर तो नुसत्या ‘/’ ला विचारतो. तुमचे अ‍ॅप ‘/पोर्टल’ खाली असेल, तर मुळाशी बहुतेक टॉमकॅटचे मांजरवाले स्वागतपान असते. अ‍ॅप जागेवर असो वा नसो, ते पान २०० (सगळे ठीक) देत बसते. हे मी एकदा नाही, निदान चार ठिकाणी पाहिले आहे. दुसरी गोम अशी की या तपासणीत २०० च्या घरातली आणि ३०० च्या घरातली, दोन्ही उत्तरे ‘ठीक’ धरली जातात. म्हणजे तुम्ही ‘/पोर्टल’ चा पत्ता दिला आणि तिथून लॉगिनकडे ३०२ (दुसऱ्या पानाकडे वळवणे) जात असेल, तर डेटाबेस मेलेला असूनही सर्व्हर हिरवा दिसेल.

तेव्हा अ‍ॅपच्या आत, त्याच पत्त्याखाली, हेल्थसाठी वेगळे छोटे पान करा. अ‍ॅप पूर्ण सुरू झाले आहे आणि कनेक्शन पूलमधून डेटाबेसचे एक कनेक्शन मिळते आहे, एवढे तपासून त्याने २०० द्यावे, नाहीतर ५०३. याहून जास्त त्यात कोंबू नका. एसएमएस गेटवे, पेमेंट गेटवे, मेल सर्व्हर यांची चौकशी तिथे घातली की एक दिवस एसएमएसवाला सुस्तावतो, दोन्ही टॉमकॅट एकाच वेळी लाल होतात आणि पूर्ण साइट बंद पडते. ओटीपी उशिरा येणे लोक सहन करतात, साइटच न उघडणे नाही.

आता समजा, तपासणी अगदी चोख केली. तरीही तुमची तक्रार पूर्ण मिटणार नाही. एचएप्रॉक्सीच्या मूळ सेटिंगनुसार दर २ सेकंदांनी एक तपासणी, ओळीने ३ फसल्या की सर्व्हर बाद, आणि परत घ्यायला ओळीने २ पास. म्हणजे अ‍ॅप गेल्यापासून ते लोड बॅलन्सरला उमगेपर्यंत चार ते सहा सेकंद. सेकंदाला ४० रिक्वेस्ट येत असतील तर त्यांतल्या निम्म्या, म्हणजे शंभराच्या आसपास रिक्वेस्ट त्या वेळात ४०४ खातात. मग लोक तपासणी अर्ध्या सेकंदावर आणतात आणि एका फसलेल्या तपासणीवर सर्व्हर बाद करतात. त्यानंतर टॉमकॅटमध्ये गार्बेज कलेक्शनने (मेमरीची साफसफाई) जरा दम घेतला तरी सर्व्हर आत-बाहेर करू लागतो. तो मार्ग धरू नका.

मुळात फेलओव्हर ही अपघाताची सोय आहे. पॉवर सप्लाय जळला, मेमरी संपून प्रोसेस मेली, स्विच गेला, तर काही सेकंदांचे नुकसान सोसून गाडी पुढे जाते. बिल्ड टाकणे हा अपघात नाही. तो किती वाजता, कोणत्या सर्व्हरवर, किती वेळ चालणार हे तुम्हाला आधीपासून माहीत असते, मग लोड बॅलन्सरला ते अंदाजाने ओळखायला का लावायचे? एसटीच्या आरक्षण खिडकीवरचा माणूस जेवायला उठण्याआधी ‘खिडकी बंद’ची पाटी लावतो, समोरच्याचे तिकीट पुरे करतो आणि मग उठतो. रांगेतल्यांनी काच वाजवून आत कोणी नाही हे शोधून काढावे, अशी त्याची अपेक्षा नसते. ही पाटी म्हणजे ड्रेन.

एचएप्रॉक्सीत कॉन्फिगला हात न लावता, चालू असताना, त्याच्या स्टॅट्स सॉकेटवरून हे सांगता येते. ‘सेट सर्व्हर’, पुढे बॅकएंड (सर्व्हरांचा गट) आणि सर्व्हरचे नाव, पुढे ‘स्टेट’ आणि तीनपैकी एक शब्द: ‘ड्रेन’, ‘मेंट’ किंवा ‘रेडी’. ड्रेन म्हटले की नवी माणसे तिकडे जात नाहीत, पण ज्यांच्या कुकीवर त्या सर्व्हरचे नाव आहे ती जात राहतात. मेंट म्हटले की कुकीवालेही वळवले जातात, मात्र ज्या रिक्वेस्ट आत चालू आहेत त्या तोडल्या जात नाहीत. अपाचेला टॉमकॅट जोडणाऱ्या जुन्या मॉड-जेके वाल्यांना हेच ‘डिसेबल्ड’ आणि ‘स्टॉप्ड’ म्हणून आठवत असेल. भेद तोच.

म्हणून क्रम असा ठेवा. ड्रेन. थोडे थांबा. मेंट. ‘शो स्टॅट’ मध्ये त्या सर्व्हरच्या चालू सेशनांचा (इथे चालू रिक्वेस्ट, लॉगिनची सेशने नव्हेत) आकडा, ‘एसकर’ नावाचा स्तंभ, शून्यावर आला की टॉमकॅट थांबवा. नवी वॉर ठेवा. सुरू करा. हेल्थचे पान स्वतः, त्या सर्व्हरच्या पोर्टवर थेट मारून बघा. मगच रेडी. हे ‘मगच’ महत्त्वाचे आहे: मेंटमध्ये तपासण्या थांबलेल्या असतात आणि रेडी म्हटल्याबरोबर एचएप्रॉक्सी सर्व्हरला लगेच चालू धरतो, आधी तपासून मग नाही. घाईत स्क्रिप्टमध्ये ‘टॉमकॅट स्टार्ट’ आणि ‘रेडी’ एकाखाली एक लिहिले की सगळे कष्ट वाया.

चालू टॉमकॅटमध्ये वॉर बदलण्याची सवय सोडा. प्रोसेसच थांबवून नवी सुरू करा. गरम बदलीत जुने क्लासलोडर (जुन्या बिल्डचा कोड मेमरीत आणणारे भाग) कुठेतरी एखाद्या थ्रेडने किंवा डेटाबेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरने धरून ठेवलेले असतात आणि चार-पाच बिल्डनंतर मेटास्पेस (त्या कोडसाठीची मेमरी) भरून तो भलत्याच वेळी मरतो. तरीही चालू असतानाच टाकायची वेळ आली, तर निदान फाइल सरळ वेबअ‍ॅप्समध्ये कॉपी करू नका. शेजारच्या फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर, पूर्ण उतरवून घ्या आणि मग ‘एमव्ही’ ने एका झटक्यात आत सरकवा. अर्धवट कॉपी झालेली वॉर उलगडू पाहणारा टॉमकॅट मी पाहिला आहे. त्या वेळचा लॉग वाचायला नकोसा होतो.

आता कमीत कमी कनेक्शनवाल्या वाटपाबद्दल, म्हणजे ‘लीस्टकॉन’ बद्दल. ऐकायला हा न्याय्य वाटतो: ज्याच्याकडे काम कमी त्याला पुढचे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे शुल्क भरण्याची शेवटची तारीख होती. संध्याकाळी घाईघाईने एक दुरुस्ती टाकली. चार सर्व्हरांपैकी एकावर डेटाबेसच्या पासवर्डची फाइल जुनी राहिली. तपासणी टीसीपीचीच होती. माझा हिशेब असा, की फार तर चौथा हिस्सा लोकांना ५०० दिसेल. फोन मात्र असे आले की जणू सगळी साइटच गेली. एचएप्रॉक्सीचा लॉग उघडला तर पानभर त्याच सर्व्हरचे नाव. चांगले तीन सर्व्हर दर रिक्वेस्टला चारशे-पाचशे मिलिसेकंद खरे काम करत होते, बिघडलेला दोन मिलिसेकंदांत ५०० फेकून मोकळा होत होता. मोकळा, म्हणून त्यालाच पुढचे गिऱ्हाईक. कामचुकाराला बढती मिळावी तसा प्रकार! एका सर्व्हरच्या चुकीने जवळजवळ सगळी गर्दी गिळली. आळीपाळीने वाटणारा ‘राउंडरॉबिन’ असता तर नुकसान खरोखर चौथ्या हिश्श्यावर थांबले असते. लीस्टकॉन वाईट नाही, पण चोख हेल्थ चेकशिवाय तो लावू नये, आणि बिल्डच्या वेळी तर मुळीच नाही.

लॉगआउटचे दुखणे वेगळे आहे. वॉर नवी आली की टॉमकॅट जुने अ‍ॅप पूर्ण उतरवतो आणि त्या अ‍ॅपची सेशने (कोण लॉगिन आहे याच्या नोंदी) त्याच्याबरोबर जातात. कुकी चिकटवून ठेवली तरी चिकटायला आत काही उरत नाही. नुसते ड्रेन करून सगळे आपोआप निघून जातील म्हणून थांबावे, तर सेशनची मूळ मुदत ३० मिनिटे, तीही शेवटच्या क्लिकपासून. दिवसभर एक्सेलसारखे तेच पान उघडे ठेवणारा लेखा विभागातला माणूस संध्याकाळी सहापर्यंत हलत नाही.

दोन टॉमकॅटमध्ये सेशनची प्रत एकमेकांकडे पाठवण्याची सोय टॉमकॅटमध्येच आहे. दोन सर्व्हरांना ती पुरते. पण बिल्ड बदलताना तिचा एक काटा टोचतो. सेशनमध्ये तुमच्या स्वतःच्या क्लासची वस्तू ठेवली असेल, त्या क्लासमध्ये नव्या बिल्डने एक फील्ड वाढवले असेल आणि सीरियल व्हर्जन यूआयडी (क्लासचा आवृत्ती क्रमांक) हाताने लिहिलेला नसेल, तर जुन्या सर्व्हरने पाठवलेली प्रत नव्याला उलगडत नाही. इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन येते आणि माणूस पुन्हा लॉगिनच्या दारात. माझे मत विचाराल तर सेशन रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर) किंवा सरळ डेटाबेसच्या एका टेबलात ठेवा, आणि त्यात यूजर आयडी, भाषा, चालू वर्ष अशा साध्या स्ट्रिंग-आकड्यांपलीकडे काही ठेवू नका. मग कोणताही सर्व्हर कोणालाही ओळखतो, कुकीने चिकटवण्याची गरज उरत नाही आणि ड्रेन दोन तासांऐवजी अर्ध्या मिनिटात पुरे होतो. हे काम एकदा करावे लागते, कोड चाळावा लागतो, कोणीतरी सेशनमध्ये पूर्ण रिपोर्ट कोंबलेला सापडतो. तरीही करण्यासारखे आहे.

तोवर तात्पुरता उपाय हवा असेल तर टॉमकॅट ७ पासून समांतर डिप्लॉयमेंट आहे. फाइलचे नाव ‘पोर्टल##००२.वॉर’ असे दोन हॅश देऊन ठेवले की जुनी माणसे जुन्या आवृत्तीवर राहतात, नवी सेशने नव्या आवृत्तीवर उघडतात. मेमरी मात्र दोन्हींची लागते, आणि जुनी आवृत्ती रिकामी झाल्यावर आपोआप उतरावी असे सेटिंग वेगळे चालू करावे लागते.

५०२ कुठून येतात? बहुतेक वेळा चालू काम अर्धवट तुटल्याने. लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणारा सिस्टमडी थांबायला सांगताना आधी सौम्य सिग्नल देतो आणि मूळ सेटिंगनुसार ९० सेकंदांनी मान मुरगळतो. पण तुमची जावा एखाद्या शेल स्क्रिप्टच्या पोटातून सुरू झाली असेल आणि त्या ओळीत ‘एक्झेक’ (स्क्रिप्टच्या जागी जावालाच बसवणारा शब्द) नसेल, तर कंटेनरमध्ये तो सौम्य सिग्नल स्क्रिप्टलाच मिळतो, जावापर्यंत पोचतच नाही. आपण समजतो की अ‍ॅप शांतपणे आवरते आहे. ते बिचारे शेवटच्या सेकंदापर्यंत काम घेत असते. स्प्रिंग बूट वापरत असाल तर २.३ पासून ‘ग्रेसफुल’ शटडाउन (हातातले काम पुरे करून थांबणे) मिळतो. तो चालू आहे का ते बघा, आणि त्याची मूळ मुदत ३० सेकंद आहे हे लक्षात ठेवा. तुमचा महिनाअखेरचा रिपोर्ट दोन मिनिटे घेत असेल तर तो कापला जाणारच.

कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी व्यवस्था) गेलात तरी हे सुटत नाही, फक्त नावे बदलतात. तिथे पॉडला (अ‍ॅपच्या एका चालू प्रतीला) थांबण्याचा सिग्नल देणे आणि त्याला वाटपाच्या यादीतून काढणे ही दोन कामे एकाच वेळी सुरू होतात, एकामागून एक नाही. म्हणून अनेक जण थांबण्याआधी चालणाऱ्या आज्ञेत, म्हणजे हुकात, पाच-दहा सेकंदांची झोप घालतात. दिसायला ओंगळ, पण बरोबर.

फसलेली रिक्वेस्ट आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर मारण्याचा मोह होतो. एचएप्रॉक्सी मुळात फक्त कनेक्शनच जुळले नाही तर पुन्हा प्रयत्न करतो, आणि ते सुरक्षित आहे: सर्व्हरला अजून काही मिळालेलेच नसते. एनजिनएक्स या दुसऱ्या प्रॉक्सीनेही १.९.१३ पासून पोस्ट (माहिती भरून पाठवणारी) रिक्वेस्ट एकदा सर्व्हरकडे गेली की दुसऱ्याकडे पाठवणे बंद केले. हा नियम मोडायचा पर्याय दोन्हीकडे आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. पैसे कापले गेले, उत्तर यायच्या आत सर्व्हर गेला, प्रॉक्सीने तीच रिक्वेस्ट दुसऱ्याला दिली आणि पुन्हा कापले गेले, तर ते परत करण्याचा पत्रव्यवहार आठवडाभर पुरतो. हवेच असेल तर प्रत्येक व्यवहाराला ब्राउझरकडूनच एक अनन्य क्रमांक द्या आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन घाला.

दोन सर्व्हर आळीपाळीने बदलणे म्हणजे काही मिनिटे दोन वेगवेगळी अ‍ॅप एकाच डेटाबेसवर चालवणे. नव्या बिल्डने ‘फोन’ कॉलमचे नाव ‘मोबाइल’ केले की जुना सर्व्हर त्याच क्षणी आडवा. म्हणून आधीच्या बिल्डमध्ये नवा कॉलम फक्त वाढवायचा आणि दोन्हीकडे लिहायचे, पुढच्यात वाचन नव्यावरून, आणि जुना कॉलम त्याच्याही पुढच्या बिल्डमध्ये काढायचा. कंटाळवाणे आहे खरे. स्टॅटिक फाइलींचेही तसेच: नव्या सर्व्हरकडून आलेले पान नव्या नावाची जावास्क्रिप्ट मागते, ती मागणी जुन्या सर्व्हरकडे जाते, तिथे ती फाइल नसते आणि पान पांढरे पडते. या फाइली दोन्ही सर्व्हरांबाहेर एका जागी ठेवा आणि जुन्या निदान काही दिवस पुसू नका.

मिश्र आवृत्त्यांचे टोकाचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतली शेअर बाजारात व्यवहार करणारी कंपनी नाइट कॅपिटल. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांच्या ८ सर्व्हरांपैकी ७ वर नवा कोड होता, आठव्यावर जुनाच. नव्या कोडने एक जुना, सोडून दिलेला फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षे निपचित पडलेला कोड जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत नुकसान ४६ कोटी डॉलरांवर गेले. जुने फ्लॅग आणि जुनी स्टेटस मूल्ये नव्या अर्थाने वापरू नका, नवीन नावे द्या. नावे फुकट असतात.

राहिले दोन-तीन फुटकळ मुद्दे. एक सर्व्हर काढला की दुसऱ्यावर पूर्ण भार येतो, तेव्हा गर्दीच्या वेळी प्रत्येक जण निम्म्या ताकदीच्या आत आहे ना, ते बघा. नसेल तर आधी तिसरा सर्व्हर आणा, वरचे सगळे नंतर. नुकतीच उठलेली जावा पहिला मिनिटभर सुस्त असते. एचएप्रॉक्सीत ‘स्लोस्टार्ट’ लावला की परत आलेल्या सर्व्हरवर भार हळूहळू चढतो. एचएप्रॉक्सी स्वतःही जोडीने लावला असेल, कीपअलाइव्हडीने तरंगता आयपी (एक पडला की दुसऱ्याकडे जाणारा पत्ता) देऊन, तर ड्रेनची आज्ञा दोघांनाही द्या. प्रत्येकाची स्थिती त्याच्यापुरतीच असते, आणि एचएप्रॉक्सी रीलोड झाला की सॉकेटवरून दिलेली स्थिती तो विसरतो, जर ती फाइलमधून परत वाचायला सांगितलेली नसेल.

आता हे जमले की नाही ते कसे कळेल? पुढच्या बिल्डच्या वेळी दुसऱ्या टर्मिनलवर कर्लचे (टर्मिनलवरून पान मागवणारा प्रोग्राम) एक चक्र लावून ठेवा. सेकंदाला पाच वेळा, लॉगिन झालेल्या कुकीसह, प्रॉक्सीच्या पत्त्यावर, आणि प्रत्येक ओळीत फक्त वेळ आणि उत्तराचा कोड. दोन्ही सर्व्हर बदलून होईपर्यंत चालू द्या. २०० सोडून काही दिसले की तीच वेळ एचएप्रॉक्सीच्या एचटीटीपी लॉगमध्ये शोधा आणि कोडच्या पुढचा चार अक्षरांचा शेरा वाचा. ५०३ बरोबर ‘एससी’ असेल तर कनेक्शनच नाकारले गेले: मेंटच्या आधी टॉमकॅट थांबवला, किंवा तो पोर्ट उघडण्याआधी रेडी म्हटले. ५०२ बरोबर ‘एसएच’ असेल तर चालू रिक्वेस्ट मध्येच तुटली, तेव्हा थांबण्याची मुदत आणि ते ‘एक्झेक’ तपासा. ३०२ देऊन लॉगिनकडे पाठवले असेल तर सेशन हरवले. आणि शेऱ्याच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा नि ४०४ असेल, तर प्रॉक्सीच्या दृष्टीने सगळे सुरळीत पार पडले आहे. पुन्हा हेल्थ चेकच्या ओळीकडे जा आणि तो नेमका कोणत्या पत्त्यावर विचारतो आहे ते बघा.